खबर द्यायची तर कुठल्या खिडकीवर? क्राइमस्टॉपर्स आणि पोलिसांच्या पोर्टलचं परीक्षण

सकाळी कुत्रा फिरवायला गेलेल्या माणसाचा खून झाला आणि मारेकरी आठवडाभरात सापडला नाही, की ब्रिटनमधल्या कुठल्याही गावात एकाच वेळी दोन तपास सुरू होतात. एक पोलिसांचा, दुसरा गावाचा. गावाच्या तपासाला पुरावा लागत नाही. तिथला संशयित दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठरलेलाही असतो: कोपऱ्यावरच्या घरात एकटा राहणारा, कोणाच्या ‘मॉर्निंग’ला उत्तर न देणारा, ज्याचा कुत्रा सगळ्यांवर भुंकतो तो.

या दुसऱ्या तपासाला नुसती नावं ठेवून भागत नाही, कारण खरी माहितीही त्याच गर्दीत असते. कुत्रा फिरवणारे लोक म्हणजे चालताबोलता पहारा. तीच वेळ, तीच पायवाट, वर्षाचे ३६५ दिवस, पाऊस असो की धुकं. त्यांना माणसांची नावं ठाऊक नसतात, पण ‘बिस्किट रंगाच्या लॅब्रॅडोरवाल्या बाई सात वाजता पुलावर असतात’ हे पक्कं ठाऊक असतं. प्रश्न एवढाच, की हे ठाऊक असणं पोहोचवायचं कुठे. त्यासाठी ब्रिटनमध्ये मुख्यतः तीन खिडक्या आहेत: क्राइमस्टॉपर्स, पोलिसांचं मेजर इन्सिडंट पब्लिक पोर्टल ही वेबसाइट आणि १०१ हा पोलिसांचा फोन. तिन्ही फुकट आहेत. तिन्हींचं काम मात्र वेगळं आहे, आणि बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथेच.

क्राइमस्टॉपर्सपासून सुरुवात करू. ही पोलिसांची शाखा नाही, स्वतंत्र धर्मादाय संस्था आहे. ब्रिटनमध्ये ती १९८८ पासून चालू आहे. मूळ कल्पना अमेरिकेतल्या अल्बुकर्कीची, १९७६ सालची. नंबर ०८०० ५५५ १११, चोवीस तास, सणासुदीलाही. फोन उचलणारा पोलीस नसतो. त्याच्यासमोर तुमचा नंबर दिसत नाही, कॉल रेकॉर्ड होत नाही, नाव विचारलं जात नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाष्याची सोय होते. तुम्ही सांगता ते टाइप होतं, त्यातून तुमची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं जातं आणि उरलेला अहवाल त्या भागातल्या पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाकडे जातो. वेबसाइटवरचा फॉर्मही याच तत्त्वावर चालतो.

ओळख लपवण्याच्या बाबतीत या सेवेला पैकीच्या पैकी. पण इथे एक फट आहे आणि ती संस्थेच्या बाजूला नाही, आपल्या बाजूला आहे. माहितीच अशी असेल की ती फक्त एकाच माणसाला असू शकते, तर नाव झाकून काय उपयोग? ‘मी त्याच्या समोरच्या घरात राहतो आणि पहाटे पाच वाजता त्याला बूट धुताना पाहिलं’ असं सांगितलंत, की नाव खोडलं तरी घर उरतं. म्हणून फोनवर आधीच सांगावं, ‘हे जाणणारे फक्त दोघं आहेत.’ मग अहवालाचे शब्द त्या बेताने बांधता येतात. आणि फोन केल्यावर नवऱ्यालाही सांगू नये, बायकोलाही सांगू नये. गुपित फुटतं ते बहुतेक वेळा घरच्या चहावर.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. निनावी टिप हा पुरावा नसतो. ती पोलिसांना दिशा देते, न्यायालयात साक्ष देऊ शकत नाही. तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तर निनावी फोन करून तुम्ही खटल्यातला साक्षीदार वजा करता. शिवाय परतीचा रस्ता नाही. पोलिसांना विचारायचं असतं, ‘टोपी होती म्हणता, कान झाकणारी की पुढे छज्जा असलेली?’ आणि विचारायला समोर कोणी नसतं. म्हणून क्राइमस्टॉपर्स योग्य कधी? माहिती ओळखीच्या माणसाबद्दल असेल, नाव उघड झाल्यास धोका असेल, किंवा पोलिसांवर विश्वासच नसेल तेव्हा. भाऊ, शेजारी, जुना प्रियकर, कामावरचा सोबती यांच्याबद्दलची माहिती इथेच द्यावी. वाटेत दिसलेल्या अनोळखी माणसाबद्दलची माहिती मात्र नावानिशी पोलिसांना.

बक्षिसाचं गणित बऱ्याच जणांचं चुकतं. सर्वसाधारण बक्षीस १,००० पौंडांपर्यंत असतं. खुनासारख्या गुन्ह्यात खास बक्षीस जाहीर होतं. २०,००० पौंडांची, क्वचित त्याहून मोठीही जाहीर झालेली आहेत. त्यांना मुदत असते आणि अट असते. अटक व आरोपपत्रावर मिळणार की दोषी ठरल्यावर, ते निवेदनात नीट वाचावं. मुख्य मुद्दा असा: बक्षीस हवं असेल तर माहिती थेट क्राइमस्टॉपर्सलाच द्यावी लागते. आधी १०१ ला सगळं सांगून मग इकडे फोन केला तर हक्क जातो. आणि माहिती देतानाच संदर्भ क्रमांक मागून घ्यावा लागतो. तो हरवला तर दुसरा देता येत नाही, कारण तुम्ही कोण हेच त्यांना माहीत नाही. पैसे त्या क्रमांकावर, नाव न सांगता मिळतात. क्रमांक फोनमध्ये ‘क्राइमस्टॉपर्स’ नावाने साठवून ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरी खिडकी. मोठ्या गुन्ह्याचा तपास सुरू झाला की पोलीस मेजर इन्सिडंट पब्लिक पोर्टलवर त्या तपासासाठी वेगळं पान उघडतात. त्यावर बहुधा ऑपरेशनचं, म्हणजे त्या तपासाला दिलेलं सांकेतिक नाव असतं, ज्या वेळेबद्दल आणि भागाबद्दल माहिती हवी ते दिलेलं असतं, आणि फोटो व व्हिडिओ चढवायची सोय असते. इथे नाव आणि संपर्क मागतात. दिसायला फॉर्म रुक्ष आहे, सरकारी छापाचा. पण याची खरी किंमत फॉर्ममागे काय आहे त्यात आहे: ‘होम्स’ ही तपासाची संगणकप्रणाली.

होम्स का आली हे माहीत असलं की फॉर्ममधले कंटाळवाणे प्रश्न कंटाळवाणे वाटत नाहीत. १९७० च्या दशकात यॉर्कशरमध्ये एकामागून एक महिलांचे खून होत होते. माहिती कागदी कार्डांवर, कार्डं लाकडी खणांत. पीटर सटक्लिफची चौकशी नऊ वेळा झाली, पण एका कार्डाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. त्यात १९७९ मध्ये कोणीतरी ‘मीच तो’ म्हणत ध्वनिफीत पाठवली. बोली संडरलँडकडची. सटक्लिफची तशी नव्हती, त्यामुळे त्याच्यावरचा संशय आणखी सैल झाला. तो पकडला गेला जानेवारी १९८१ मध्ये, आणि तोही नेहमीच्या गस्तीत. ती फीत पाठवणाऱ्याला २००६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्यातून १९८५ च्या सुमारास होम्स आली. तिच्यात प्रत्येक निरोपाची नोंद होते, निरोपातून कामं निघतात, आणि ‘निळी फिएस्टा’ असा गाडीचा उल्लेख दहा ठिकाणी आला तर दहाही ठिकाणं एकत्र दिसतात.

म्हणजे निरोपात शोधता येईल असं काहीतरी हवं. हा फरक डोळ्यांसमोर आणू. एक निरोप: ‘त्या निळ्या दाराच्या घरातला माणूस मला पहिल्यापासून विचित्र वाटतो, कुत्र्यांवर ओरडतो, त्याला बघा.’ यात शोधण्याजोगं काय आहे? दार. दुसरा निरोप: ‘मंगळवारी मी साडेसहाला घरातून निघाले. नदीकाठच्या कुरणाला लाकडी झुलतं फाटक आहे, तिथपर्यंत मला दहा मिनिटं लागतात. फाटकाजवळ एक पुरुष गावाच्या दिशेने आला. हातात लाल दोरी गुंडाळलेली होती, पण कुत्रा नव्हता. माझ्या कुत्र्याने हुंगायला नाक पुढे केलं तर त्याने हात मागे घेतला. फाटकाच्या खांबापेक्षा तो दोन वीत उंच होता.’ मतं शून्य, आणि तरीही चार-पाच कामं लगेच निघतात. दोरी आहे तर कुत्रा कुठे? फाटकाचा खांब मोजता येतो. साडेसहा ही वेळ घरच्या दारावरच्या कॅमेऱ्याशी ताडून बघता येते.

उंची फुटांत सांगायचा मोह टाळावा, याला कारण आहे. आणि ते कारण कुत्रा फिरवणाऱ्यांच्या बाबतीतल्या ब्रिटनमधल्या सर्वांत कुप्रसिद्ध तपासाशी जोडलेलं आहे.

१५ जुलै १९९२. लंडनच्या विंबल्डन कॉमनवर (कॉमन म्हणजे सगळ्यांना खुलं असलेलं मोठं मोकळं रान) २३ वर्षांच्या एका तरुणीचा खून झाला. बरोबर दोन वर्षांचा मुलगा आणि कुत्रा. टीव्हीवर संशयिताचं चित्र दाखवलं गेलं आणि काही फोनमधून एकच नाव आलं: जवळच राहणारा, एकटा, कॉमनवर कुत्रा फिरवणारा एक माणूस. गावाच्या तपासाला हवा तसा साचा. त्याच्याविरुद्ध भौतिक पुरावा नव्हता. पोलिसांनी खोट्या नावाने एका महिला अधिकाऱ्याला त्याच्याशी मैत्री करायला लावलं. त्याने कबुली दिली नाही, तरी खटला भरला. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावाच फेटाळला आणि माणूस सुटला. सुटला म्हणायचं इतकंच. पुढची चौदा वर्षं लोकांच्या लेखी तोच खुनी होता. डिसेंबर २००८ मध्ये रॉबर्ट नॅपर या दुसऱ्याच माणसाने मनुष्यवधाची कबुली दिली. डीएनए तंत्र सुधारल्यामुळे त्याचा माग लागला होता. गोवलेल्या माणसाला ७,०६,००० पौंड भरपाई मिळाली.

टिप देणाऱ्यासाठी खरा धडा मात्र नॅपरच्या बाजूला आहे. १९८९ मध्येच त्याच्या आईने पोलिसांना फोन केला होता: मुलाने प्लमस्टेड कॉमनवर बलात्कार केल्याचं सांगितलंय. पोलिसांनी नोंदी पाहिल्या, कॉमनवर तसा गुन्हा नव्हता, विषय मिटला. गुन्हा घडला होता. पण कॉमनवर नव्हे, कॉमनला लागून असलेल्या घरात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पुढे १९९२ मध्ये दुसऱ्या हल्ल्यांच्या तपासात त्याचं नाव पुन्हा लोकांनीच दिलं. तोवर सहा फुटांहून उंच माणसांना वगळायचं ठरलेलं होतं. नॅपर सहा फूट दोन इंच. वगळला गेला. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याने प्लमस्टेडमध्ये एका आईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला मारलं.

इथे लोक गप्प नव्हते. लोकांनी योग्य नाव दोनदा दिलं. चुकली ती जागा आणि चुकले ते इंच, आणि ती चूक पुन्हा पडताळून बघायची तसदी पोलिसांनी घेतली नाही. त्यामुळे ऐकीव माहिती देताना ‘कॉमनवर’ असं ठाम न म्हणता ‘तो कॉमन म्हणाला, आसपासही असेल’ असं म्हणावं. हे वाक्य फोनवर टाइप करून घ्यायला सांगावं.

जागा सांगायची साधनं आता बरी आहेत. व्हॉट-थ्री-वर्ड्स जगाचे तीन मीटरचे चौकोन करून प्रत्येकाला तीन शब्द देतं. ब्रिटनच्या आपत्कालीन सेवा ते वापरतात. लिहून द्यायला छान. फोनवर सांगायला बेभरवशाचं, कारण अनेकवचनाचा एक ‘एस’ ऐकायचा राहिला की तुम्ही दुसऱ्याच परगण्यात जाता. ऑर्डनन्स सर्व्हे (ओएस) या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचा क्रमांक, जुना पण भक्कम. दोन अक्षरं आणि सहा आकडे दिले तर १०० मीटरचा चौकोन, आठ आकडे दिले तर १० मीटरचा. ओएस लोकेट हे ॲप फुकट आहे आणि नेटवर्क नसलं तरी चालतं. दोन्हींपैकी काहीही द्या, सोबत खुणेची जागा शब्दांत द्याच: कुठलं फाटक, कुठला बाक, कुठला पूल.

व्हिडिओबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. गाडीतला डॅशकॅम जुनं पुसत नवं लिहितो. ३२ जीबी कार्डावर, सेकंदाला साधारण १५ मेगाबिट या दराने, जेमतेम पावणेपाच तास मावतात. रोज तासभर गाडी चालवणाऱ्याकडे पाचव्या दिवशी सोमवारची सकाळ उरलेली नसते. म्हणून बातमी कळताच कार्ड काढून बाजूला ठेवायचं, दुसरं घालायचं. काही दिसतंय का हे बघत बसणं नंतर. दारघंटीचे कॅमेरे क्लाउडवर ठेवतात, पण अनेकांची मूळ मुदत ३० दिवसांची असते. फोनमधली गुगल टाइमलाइन आता फोनवरच साठते आणि साधारणपणे तीन महिन्यांनी पुसली जाते. त्या दिवशी तुम्ही कुठे, किती वाजता होता हे तिच्यातून निघतं, तेव्हा आपोआप पुसण्याचं सेटिंग आधी बंद करावं.

कॅमेऱ्याचं घड्याळ हा वेगळाच ताप. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं तासभर मागे जातात, डॅशकॅमचं जात नाही. फोनवरची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ एकाच फोटोत घ्या. फोनवर ०६:१२, कॅमेऱ्यात ०७:१४ असेल तर लिहा: ‘कॅमेरा १ तास २ मिनिटं पुढे.’ घड्याळ दुरुस्त करू नका, फरक नोंदवा. आणि क्लिप व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. तिथे चित्र दाबलं जातं, नंबरप्लेटचा ३ कुठला आणि ८ कुठला कळेनासं होतं, फाइलसोबतची मूळ वेळही जाते. मूळ फाइल पोर्टलवर चढवा, कार्ड जपून ठेवा.

तिसऱ्या खिडकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १०१ ही तातडी नसताना पोलिसांना गाठायची ओळ. संगणकाशी वैर असलेल्यांना ती बरी, पण ताटकळायची तयारी ठेवा. मारेकरी म्हणून शोधत असलेला माणूस आत्ता समोर दिसतोय, तर ९९९ हा तातडीचा नंबर. तिथे १०१ लावू नये.

चौथी खिडकी कोणी उघडलेली नसते, पण गर्दी तिथेच असते: आपसातले तर्क. तिचं परीक्षण एका वाक्यात होणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये लँकेशरमधल्या सेंट मायकल्स ऑन वायर या गावात कुत्रा फिरवायला गेलेली एक महिला बेपत्ता झाली. बाकावर फोन, कुत्रा मोकळा. तीन आठवडे देशभर खुनाच्या कथा रचल्या गेल्या, लोक गावात येऊन रिकाम्या घरांत डोकावू लागले, पोलिसांना त्यांना हुसकवावं लागलं. १९ फेब्रुवारीला मृतदेह नदीत सापडला आणि जूनमध्ये चौकशीचा निष्कर्ष निघाला: अपघाताने बुडून मृत्यू. नंतर कॉलेज ऑफ पोलिसिंग या पोलिसी कामाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या अहवालाने पोलिसांनाही सुनावलं. माहितीची जागा त्यांनी रिकामी ठेवली, आणि रिकाम्या जागी वावड्या उठल्या.

ब्रिस्टलचं प्रकरण याच्या उलट बाजूचं. डिसेंबर २०१० मध्ये खून झालेल्या तरुणीचा मृतदेह नाताळच्या सकाळी कुत्रा फिरवणाऱ्या जोडप्याला दिसला. तिच्या घरमालकाला अटक झाली. निवृत्त शिक्षक, केसांची ढब निराळी. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं! तो निर्दोष होता, खुनी शेजारी निघाला. आठ वर्तमानपत्रांनी भरपाई दिली, शिवाय न्यायालयाच्या अवमानाबद्दल एकाला ५०,००० आणि दुसऱ्याला १८,००० पौंड दंड झाला. हा १९८१ चा अवमान कायदा फक्त वर्तमानपत्रांना नाही, तुमच्या पोस्टलाही लागू आहे. अटक झाल्या क्षणापासून प्रकरण ‘चालू’ मानलं जातं, आणि आरोपीच्या खटल्याला गंभीर बाधा येईल असं लिहिणं महागात पडू शकतं. कमाल शिक्षा दोन वर्षं. पोलिसांना जाणूनबुजून खोटी खबर देणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

याला एक नाजूक पैलूही आहे, जो फारसा कोणी बोलत नाही. तर्क करणारे साक्षीदारही असतात. दहा जणांनी ‘लाल टोपी’ म्हटलं की अकराव्याच्या आठवणीतही टोपी लाल होते. त्यामुळे निरोप आधी लिहावा, गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप मग उघडावा. लिहिताना त्यावर तारीख-वेळ घालावी आणि कोणी काही सांगितलं तर तो वेगळा परिच्छेद करावा: हे मी पाहिलं, हे मी ऐकलं.

निरोप देऊन झाला, उत्तर आलं नाही, म्हणून तोच निरोप चारदा पाठवू नये. चार नोंदी होतात, कोणाला तरी त्या चारही वाचाव्या लागतात. नवं आठवलं तर जुन्या निरोपाचा उल्लेख करून फक्त नवं द्यावं. आणि खुनानंतर बरोबर आठवड्याने, त्याच वारी, त्याच वेळी पायवाटेवर पोलीस उभे दिसले तर वळून दुसऱ्या रस्त्याने जाऊ नये. ते नेहमी येणाऱ्यांनाच शोधत असतात. ‘काही विशेष नव्हतं, रोजच्यासारखंच’ हे उत्तर त्यांच्या काडीच्या उपयोगाचं नाही. रोज कोण कोण भेटतं ते कुत्र्यांच्या नावांनी सांगा, आणि त्या मंगळवारी त्यांपैकी कोण आलं नव्हतं तेही.